धारेच्या वेळेचा रेडिओ

आमच्या गोठ्यातला रेडिओ सासऱ्यांनी टांगला. मी लग्न होऊन आले तेव्हा तो होताच, मधल्या खांबाला दोरीनं बांधलेला, धूळ बसू नये म्हणून वर प्लास्टिकची पिशवी चढवलेला. स्टेशन बदलायचं बटण पेंडीच्या धुळीनं एका जागी घट्ट बसलं होतं, त्यामुळे तो लावला की एकच स्टेशन लागायचं. सकाळ-संध्याकाळ धारा काढायच्या वेळेला तिथे शेतीच्या बातम्या असायच्या. आधी पिपाणीसारखी एक धून वाजायची आणि मग निवेदक बोलायचा. त्याचा आवाज ऐकून वाटावं, याला आत्ताच कोणीतरी झोपेतून उठवलंय आणि त्याबद्दल याची काही तक्रारही नाही. पेंडीचे भाव, हवामान, लसीकरण, आणि शेवटी मंत्र्यांचं नाहीतर एखाद्या साहेबांचं भाषण.

ही धून ऐकली की आमच्या गायींना पान्हा फुटायचा. गाय हे सवयीचं जनावर. कोणाच्या गायीला समोर वासरू लागतं, कोणाच्या गायीला पुढ्यात पेंड लागते. आमच्या गायींना शेतीच्या बातम्या लागायच्या. सरकारच्या बोलण्यानं कोणाचं तरी पोट भरतं हे फक्त आपल्या गोठ्यात सिद्ध झालंय, असं सासरे गमतीनं म्हणायचे. ते गेले, यंत्रानं दूध काढणं सुरू झालं, तरी रेडिओ तिथेच राहिला.

याच रेडिओनं काही वर्षांपूर्वी सांगितलं होतं की दूध वाढवा. देशाला दूध कमी पडतंय, मुलांना दूध मिळत नाही, ज्याचा गोठा आहे त्यानं तो मोठा करावा. आमच्या ह्यांनी ते मनावर घेतलं. एका सकाळी मी मागच्या दारानं बाहेर पडले तर माझ्या टोमॅटोच्या ओळींमध्ये खुंट्या ठोकलेल्या आणि त्यांना सुतळी ताणलेली. गोठ्यामागचा तो तुकडा मी दगड वेचून वेचून तयार केला होता. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाले, "गोठा वाढवतोय. सरकारच सांगतंय." मी टोमॅटोची रोपं उपटून कुंपणाच्या कडेला लावली. ती काही जगली नाहीत. गोठ्याचा नवा भाग मात्र छान झाला, नवी दावण, नवी गव्हाण, पाण्याची सोय. गायीही आल्या. मीच धारा काढायचे, त्यामुळे काम वाढलं ते माझं. ते कोणाच्या लक्षात आलं नाही आणि मीही बोलून दाखवलं नाही.

आणि मग एका संध्याकाळी, धारा चालू असताना, त्याच रेडिओनं त्याच झोपाळू आवाजात नवं धोरण सांगितलं. जनावरांमुळे पाणी आणि जमीन अपुरी पडते, ती धान्यासाठी हवी, म्हणून प्रत्येकानं आपल्या गोठ्यातली जनावरं निम्मी करावीत. कोणाला गोठा पूर्ण बंद करायचा असेल तर त्याला भरपाई मिळेल, मात्र त्याला पुन्हा कधी जनावर पाळता येणार नाही. एवढं सांगून निवेदक म्हणाला, उद्या आकाश अंशतः ढगाळ राहील.

ह्यांच्या हातात वैरणीचा भारा होता. तो त्यांनी तिथेच टाकला, खांबाजवळ गेले आणि दोरीसकट रेडिओ ओढून काढला. "कालपर्यंत वाढवा म्हणाले, आज कमी करा. आम्हाला कोणी विचारलं का?" असं म्हणत त्यांनी तो पेंडीच्या खोलीत नेला आणि रिकाम्या पोत्यांखाली दाबून ठेवला. मी तेव्हा म्हातारीला यंत्र लावत होते. म्हातारी म्हणजे आमची सगळ्यांत वयस्कर गाय. तिनं मान वळवून खांबाकडे पाहिलं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ्या लावल्या, यंत्र सुरू केलं, तर नुसती हवा. गायी निवांत रवंथ करतायत, कास तटतटलेली आणि पान्हा चोरलेला. एकीचं नाही, सगळ्यांचं तसंच. ह्यांनी आधी पेंडीला दोष दिला, मग यंत्राला, मग मला विचारलं की हात धुवायला नवा साबण वापरलास का. संध्याकाळीही तेच. कास दुखायला लागल्यावर गायी लाथा झाडू लागल्या तेव्हा डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी सगळ्यांना तपासलं आणि म्हणाले, गायी ठणठणीत आहेत, गोठ्यात काही बदल केलात का? ह्यांनी पेंडीच्या खोलीचं दार लोटून घेतलं.

डॉक्टर गेल्यावर मी म्हटलं, "रेडिओ आणा."

"गायींना काय कळतंय त्या बातम्यांमधलं?"

"काही कळत नाही, म्हणूनच पान्हा फुटतो त्यांना."

माझं ऐकतील तर ते हे कसले. त्या संध्याकाळी जुनं वर्तमानपत्र घेऊन गोठ्याच्या मधोमध उभे राहिले आणि निवेदकासारखा आवाज काढून मोठ्यानं वाचायला लागले. शेतकरी बंधूंनो, पेंडीचे भाव स्थिर आहेत. वाचताना चेहरा असा की हसायची सोय नाही. मी यंत्राआड तोंड लपवलं. पण खरं सांगायचं तर थोडं दूध आलं. म्हातारीनं कान हलवले, तिच्या नळीत पांढरी रेघ दिसली, मग शेजारचीनंही सोडलं. पूर्ण नाही, पण गायींचं दुखणं हलकं होण्याइतकं. दुसऱ्या दिवशी मी धारेला गेले तर रेडिओ नव्या दोरीनं खांबाला बांधलेला होता. गायी कमी करा म्हणणाऱ्या आवाजावरच दूध काढायचं होतं. नाक मुठीत धरणं म्हणजे काय ते मी त्या दिवसांत पाहिलं.

पुढचे कितीतरी दिवस घरात एकच विषय. जेवताना, चहा पिताना, शेण भरताना. ज्यांनी आयुष्यात गव्हाण साफ केली नाही ते ठरवणार आमच्याकडे किती गायी हव्यात. आम्हाला कोणी विचारलं का? मी भाकरी वाढताना ऐकायचे आणि मनात म्हणायचे, मला तरी कोणी विचारलं होतं? पण राग त्यांचा खोटा नव्हता. शहरात राहणारी माझी धाकटी बहीण फोन करायची. "ताई, दुकानात एका घराला एकच पिशवी देतात गं. बाकी सगळी बाहेरच्या देशातली भुकटी. तुमच्याकडचं थोडं पाठव ना." कसं पाठवणार? शेतकऱ्यानं थेट दूध विकायचं नाही असाही एक नियम होता. त्याच आठवड्यात दूध न्यायला येणारा टँकर बिघडून आला नाही, दूध थंड ठेवायची टाकी भरून वाहायला लागली, आणि मी आणि ह्यांनी मिळून दूध शेताच्या चारीत सोडलं. ते पांढरं पाणी मातीत मुरेपर्यंत हे बघत उभे होते. बहिणीला मी हे कधी सांगितलं नाही.

आमच्या रस्त्यावर एके काळी ओळीनं गोठे होते. आता उरले आम्ही आणि पलीकडचे काका. काका-काकू दोघंच, मुलं लांब. टँकर आत वळायचा तो या दोन घरांसाठी. टँकरवाला भला माणूस, नळी जोडता जोडता एकदा म्हणाला, "वहिनी, तुमच्या दोघांतलं एक जरी बंद झालं तर मला आत यायची परवानगी नाही. कॅन भरून मोठ्या रस्त्यावर आणलेत तर मी घेईन, तेवढं माझ्या हातात आहे." हे ऐकून ह्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "रस्त्यावर उभं राहू कॅन घेऊन? भीक मागायला?" टँकरवाला बिचारा नळी गुंडाळायला लागला.

आणि मग एक दिवस हे ओरडायचे थांबले. मला ओरडण्याची सवय होती, त्या गप्प बसण्यानं मी घाबरले. गोठ्यात येत, एकेका गायीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहत आणि निघून जात. काय ठरवताय म्हणून विचारलं तर म्हणत, बघू. पुढे कुंपणापाशी काकू भेटल्या तेव्हा त्यांच्या तोंडून मला कळलं की ह्यांनी धान्याच्या गोदामात कामासाठी विचारणा केली आहे. काकूंना वाटलं मला माहीत असेल. मी मान डोलावली, जणू माहीतच आहे. घरी येऊन बराच वेळ सिंकपाशी नुसती उभी राहिले, नळ चालू ठेवून.

मला गोठा हवा होता का? काही सकाळी अजिबात नको असायचा. पाठ दुखायची, हातांना कायम तो वास. पण या गायी माझ्या हातच्या होत्या. कुठल्या गायीचा डावा सड नाजूक, कुठली आधी पुढचा पाय टाकून अंदाज घेते, कुठली दुसरीच्या आधी आत यायला भांडते, ते मला ठाऊक. आणि आता यांचं काय करायचं ते ठरत होतं, आणि ते ठरवणाऱ्यांत मी नव्हते. सरकारवर मी चिडले होते, पण ह्यांच्यावर जास्त चिडले होते. हे मी तोवर स्वतःशीही बोलले नव्हते.

शेती खात्यानं तालुक्याच्या सभागृहात सुनावणी ठेवली. प्रत्येक शेतकऱ्यानं येऊन सांगायचं, निम्मं करणार की पूर्ण बंद. संध्याकाळच्या बातम्यांच्या जागी ती सुनावणी रेडिओवरून थेट ऐकवणार होते. ह्यांनी धुतलेला सदरा घातला, केस नीट विंचरले. मी विचारलं, काय सांगणार तिथे. म्हणाले, "जे सुचेल ते." काकांच्या गाडीत बसून दोघं गेले. मी पाठमोऱ्या ह्यांना पाहिलं आणि ओळखलं, बंद करायला निघालेत.

संध्याकाळी एकटीनं गायी आत घेतल्या, दावणीला बांधल्या, रेडिओ लावला. धून वाजली. गायींनी कान टवकारले. मी एकेकीची कास पुसून नळ्या लावत गेले आणि दूध यायला लागलं. रेडिओवर शेती खात्याच्या साहेबांनी धोरण समजावून सांगितलं, आवाज गुळगुळीत. मग एकेक शेतकरी. कोणी निम्मं करतो म्हणाला, कोणी रागानं दोन वाक्यं बोलून खाली उतरला. मग काकांचा आवाज आला. मी हात थांबवले. काका म्हणाले, "आमची हाडं आता थकली. मुलं काही परत यायची नाहीत. मी पूर्ण बंद करतो."

सभागृहात एकदम गलका झाला. कोणी साहेबांवर ओरडत होतं, कोणी खुर्च्या आपटत होतं, साहेब शांत राहा म्हणत होते, आणि हे सगळं आमच्या खांबावरच्या त्या डबड्यातून गोठ्यात ओतलं जात होतं. गायी बिथरल्या. म्हातारीनं लाथ मारून नळ्या उडवल्या. शेजारचीनं मान झटकली, दावणीची साखळी वाजली, आणि एकामागून एक सगळ्या नळ्या कोरड्या पडल्या. मी या टोकाकडून त्या टोकाकडे धावत होते. रेडिओ बंद करावा तर ह्यांचं बोलणं ऐकू येणार नव्हतं. काकांचा गोठा गेला, म्हणजे टँकर गेला. आता ह्यांनी तोंड उघडलं की संपलं.

मग साहेबांनी पुढचं नाव पुकारलं, आमचं. गलका चालूच होता. ह्यांच्या पावलांचा आवाज आला, माइक खरखरला. साहेब म्हणाले, बोला, वेळ कमी आहे.

"जरा सगळे शांत बसा," हे म्हणाले. "आत्ता माझ्या घरी धारा चालू आहेत. हा रेडिओ गोठ्यात लागलाय. तुम्ही ओरडताय ते गायी ऐकतायत. पान्हा चोरतील त्या, आणि माझी बायको तिथे एकटी आहे."

कोणीतरी हसलं. साहेब म्हणाले, कृपया विषयावर बोला.

"हाच विषय आहे, साहेब."

सभागृह हळूहळू शांत झालं. आणि मग आमचे हे, धुतलेला सदरा घालून, एवढ्या लोकांसमोर, माइकमध्ये गायींशी बोलायला लागले. घरी सकाळी बोलतात तसं. हो बाई, हो. सोड. कोणी नाही, मी आहे. सोड गं माझी म्हातारी. हळू, हळू. त्यांना लाज वाटत होती हे आवाजावरून कळत होतं, तरी ते थांबले नाहीत. म्हातारीचे कान खांबाकडे वळले. मी पटकन तिच्या नळ्या धुऊन पुन्हा लावल्या. क्षणभर काही नाही, आणि मग दूध आलं. मग तिच्या शेजारचीचं, मग पलीकडच्या ओळीतलं. सगळ्या गोठ्यात यंत्राचा तो एकसारखा ठेका सुरू झाला आणि मी तिथेच म्हातारीच्या पोटाला डोकं टेकवून रडले.

रेडिओवर हे म्हणत होते, "मी आज बंद करतो म्हणून सांगायला आलो होतो. पण इथे बसल्या बसल्या लक्षात आलं. मी इतके दिवस ओरडतोय की आम्हाला कोणी विचारलं नाही. गोठा वाढवताना मीही घरात विचारलं नव्हतं. आणि आज बंद करायला निघालो, तेही न विचारता. धारा ती काढते. तिला विचारून मग सांगतो. तोवर माझं नाव तसंच ठेवा."

साहेब म्हणाले, आजच सांगणं बंधनकारक आहे. हे म्हणाले, "मग निम्मं लिहा. पूर्ण बंद लिहिलं तर परत फिरता येत नाही." आणि खाली उतरले असावेत, कारण पुढचं नाव पुकारलं गेलं. ते कोणाचं ते मी ऐकलं नाही.

काकांची गाडी आली तेव्हा मी गोठा धुऊन, अंगण झाडून स्वयंपाकघरात होते. हे आत आले, पाणी प्यायले, रिकामा पेला हातात धरून टेबलापाशी बसले. "ऐकलंस?" म्हणाले. मी हो म्हटलं. "मग काय करायचं?" त्यांनी विचारलं.

इतकी वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते. पण विचारलं जाण्याची सवयच नव्हती. मी उगाच ओट्यावरचं फडकं उचललं, पिळलं, पुन्हा ठेवलं. मग म्हटलं, "गोठा ठेवायचा. जुना भाग. नवा पाडायचा, तिथे मला माझी जागा परत हवी. कॅन मी नेईन मोठ्या रस्त्यावर, मला लाज वाटत नाही. आणि एक दिवस नको झालं तर बंद करू, तेही मी सांगेन."

ह्यांनी पेला टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे निम्म्या जाणार."

"निम्म्या जाणारच होत्या," मी म्हटलं. सरकारचा तो निर्णय आमच्या दोघांच्याही बोलण्यानं बदलणार नव्हता. एकमेकांना विचारून घेतलं म्हणून तो न्याय्य झाला नव्हता, आणि माझा राग काही कमी झाला नव्हता.

सकाळी गोठ्यात गेलो तेव्हा हे सवयीनं खांबाकडे वळले. मी म्हटलं, रेडिओ राहू द्या, तुम्हीच बोला. काय बोलू, म्हणाले. काहीही विचारा मला, म्हटलं. ते वैरण टाकत टाकत विचारू लागले. पाठ अजून दुखते का? काका-काकूंना भेटायला कधी जायचं? टोमॅटोच लावणार की आणखी काही? मी एकेका गायीला नळ्या लावत उत्तरं देत होते आणि दूध येत होतं. त्यांच्या प्रश्नांना मध्येच खंड पडला. मी मान वर केली तर ते दावणीच्या टोकाला उभे, सगळ्या ओळीकडे बघत. ते काय विचारणार हे मला कळलं होतं, आणि त्यांनी ते विचारलं.

"कुठल्या ठेवायच्या?"

माझा हात म्हातारीच्या कासेवर होता.

"हिची धार पुरी होऊ द्या," मी म्हटलं. "मग सांगते."